न हिंदकळणारा पेला

१

दुपारची झोप झाली की आई पलंगाच्या लाकडावर बोटाच्या पेरानं टकटक करायची. ती टकटक ऐकू आली की स्वयंपाकघरातून गाडी सुटायची.

गाडी म्हणजे वीतभर लांबीचं, वाफेवर चालणारं पितळी इंजिन आणि त्याच्यामागे एकच सपाट डबा. डब्यावर औषधाची गोळी आणि पाण्याचा छोटा पेला. भिंतीला कमरेच्या उंचीवर ठोकलेल्या अरुंद फळीवरून रूळ जायचे. स्वयंपाकघरातून कामाच्या खोलीत, तिथून भिंतीला पाडलेल्या भोकातून आईच्या खोलीत, तिच्या उशाजवळून वळसा घेऊन दुसऱ्या भोकातून परत स्वयंपाकघरात. हा सगळा खटाटोप तिच्या मुलाचा. पन्नाशीला टेकलेला माणूस, धंदा दातांच्या कवळ्या बनवायचा. आडनाव वेगळंच होतं, पण सगळी गल्ली त्याला कवळीकर म्हणायची, आणि खऱ्या आडनावानं कुणी हाक मारलीच तर त्यालाच वळून बघायला वेळ लागायचा.

आईचं हृदय मधूनच एखादा ठोका गाळायचं. डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली होती. कवळीकरला दाराबाहेर नेऊन ते म्हणाले होते, "गाळलेला ठोका आत्तापर्यंत दर वेळी पुन्हा सापडलाय. एखाद्या वेळी नाही सापडणार. त्यांना दचकवू नका, हिसके बसू देऊ नका. एवढंच आपल्या हातात आहे."

आणि इंजिनात नेमके हिसकेच होते. निघताना ते धक्का मारून निघायचं. वळणावर काहीतरी आठवल्यासारखं थबकायचं आणि मग एकदम उडी घ्यायचं. उशाशी पोचेपर्यंत पेला अर्धा झालेला असायचा, आणि उरलेला अर्धा बहुतेक वेळा उशीवर.

"आली टवळी," आई म्हणायची. "घातली मला आंघोळ."

कवळीकरची बायको आईच्याच खोलीत खिडकीपाशी शिवणयंत्र घेऊन बसायची. लहानपणापासून तिची जीभ पहिल्या अक्षराला अडायची. त्या अडण्याचा ती असा काही उपयोग करायची, की ऐकणारा कान टवकारून थांबायचाच.

"अ-अ-अहो," ती म्हणाली, "त्याला एक कवळीच बसवा. चा-चावून खाईल रूळ, मग पोट भरलं की नीट चालेल."

आई हसली. हसताना तिच्या मानेवरची शीर उडत होती, उडत होती, आणि मधेच एकदा उडली नाही. पुन्हा उडेपर्यंत कवळीकरनं तिथून नजर हलवली नाही.

हे इंजिन गुळगुळीत चालवायचंच, असं त्यानं तेव्हा ठरवलं.

२

त्यानं हे काम कुठं जाऊन शिकलेलं नव्हतं. पुस्तकं आणायची, खोलायचं, बिघडवायचं, पुन्हा जोडायचं, असं करत शिकला होता. इंजिनाला सिलिंडर एकच. त्यातला दट्ट्या पुढे जातो आणि मागे येतो. दोन्ही टोकांना, दिशा बदलताना, तो क्षणभर ना जात असतो ना येत असतो. पुस्तकात त्या जागेला मृतबिंदू म्हटलं होतं. चाक जड असेल तर ते आपल्या जोरावर दट्ट्याला तिथून पार नेतं. हलकं असेल तर इंजिन तिथंच कुंथत बसतं.

म्हणून त्यानं कवळीच्या भट्टीत एक जड चाक ओतलं. रुळांचे सांधे घासून एकसारखे केले. वाफ कमीजास्त करायला बारीक चावी बसवली. चालत्या इंजिनात पाणी भरता यावं म्हणून बॉयलरला एक छोटी झडप लावली. दाताच्या कामाची सिरिंज तिच्यात चपखल बसायची. खालच्या स्पिरिटच्या दिव्याला बाहेरून भरता येईल अशी टाकी केली.

राहिली एक जागा. सिलिंडर ज्या पितळी पट्टीवर घासत डुलायचा, ती. तिथं घर्षण होतं आणि त्या घर्षणात थोडा हिसका उरला होता. कवळीकरनं पांढरी पॉलिशची पूड घेतली, कापडाचं चाक चालू केलं आणि ती पट्टी घासायला लागला.

कवळीच्या धंद्यात एक नियम आहे. जिभेला आणि गालाला लागणारी बाजू चकचकीत घासायची. हिरडीवर बसणारी बाजू मात्र तशीच राहू द्यायची. तिथला बारीक खरखरीतपणाच कवळीला धरून ठेवतो. तिथं पॉलिश लावलं की कवळी तोंडात ठरत नाही. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला कवळीकरनं हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. पण इंजिन म्हणजे काही कवळी नव्हे, असं त्याला वाटलं.

त्या दुपारी टकटक झाली आणि गाडी निघाली. निघाली ते कळलंच नाही. वळणावर थबकली नाही. आईच्या उशाशी पेला जसा भरला तसा पोचला.

आई पेल्याकडे बघत राहिली. "आज शहाण्यासारखी आली की गं बया," ती म्हणाली. "पण मजा नाही आली हं, बाळ्या."

"तुला मजा हवी की कोरडी उशी?"

"दोन्ही."

"अहो, चहा टाकू का?" बायकोनं विचारलं.

"टाक," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला. साबण लावता लावता त्याचे हात थांबले. तिची जीभ अडली नव्हती.

३

चांगल्या गोष्टीचा संशय कुणी घेत नाही. बायको कधीपासून श्वासाचे व्यायाम करत होतीच. गुण आला म्हणायचं.

स्वयंपाकघरातला नळ वर्षानुवर्षं ठिबकायचा. आता ठिबकत नव्हता. पण बंदही झाला नव्हता. तोटीपासून भांड्यापर्यंत केसाएवढी पाण्याची तार लोंबत होती, तिला आवाज नव्हता. कवळीकरनं ती बोटानं तोडली, बोट काढलं की पुन्हा जुळली. वॉशर झिजला असेल. दाराची बिजागरी करकरेना. तेलाची बुधली घेऊन फिरताना आपणच तिच्यावर थेंब सोडला असणार. शिवणयंत्राचा आवाजही बदलला होता. पूर्वी ते घरघरायचं, थांबायचं, बायको दातानं दोरा तोडायची, उसासा टाकायची, पुन्हा घरघर. आता नुसती एक लांब गुणगुण यायची, सकाळी सुरू झाली की जेवणापर्यंत.

आणि ती टोमणे मारेनाशी झाली. बोलणं सरळ झालं होतं, आणि त्यातली गंमत कुठंतरी सांडली होती. विनोद त्या अडण्यातच राहायचा, हे कवळीकरला आत्ता कळत होतं.

"हल्ली मला बोलत नाहीस काही," तो एकदा म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. इंजिनावरून, माझ्या टकलावरून."

"बोलायला हवं का?" तिनं विचारलं. खरोखरच विचारलं, आणि उत्तराची वाट बघत त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यात काहीतरी चुकत होतं. काय ते त्याला सांगता येईना. त्यानंच नजर काढून घेतली.

डॉक्टर आले तेव्हा गाडी फेरीवर होती. त्यांनी आईचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं. मग दुसरं मनगट धरलं. छातीला नळी लावली, काढली, नळीच्या टोकावर टिचकी मारून पाहिली, पुन्हा लावली.

"ठोका चुकतोय का?" कवळीकरनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "चुकत नाही."

"म्हणजे सुधारणाच की."

डॉक्टरांनी नळी गुंडाळून पिशवीत टाकली. जाताना दारात म्हणाले, "पुढच्या वेळी मी येईन तेव्हा ते इंजिन बंद ठेवा. त्याच्यामुळे मला नीट ऐकू येत नाही."

ते गेल्यावर कवळीकरनं कान देऊन ऐकलं. इंजिन समोरून चाललं होतं. त्याचा काही आवाजच येत नव्हता.

पण ठोका चुकत नाही, हे शब्द तर डॉक्टरांचेच होते. तेवढेच त्यानं धरून ठेवले. आईच्या मानेवरची शीर आता उडतानाच दिसत नव्हती, ते उजेडामुळे असेल. इंजिनाचं आणि हृदयाचं काही नातं असतं असं तो कुणापुढे म्हणाला नसता. तरीही पेल्यातल्या पाण्यावर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक पुसटसं वलय उठायचं, ते त्याच्या डोळ्यांत सलायला लागलं. एवढं एक गेलं, की झालं.

४

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो बसला आणि ती पितळी पट्टी त्यानं शेवटची घासली. इतकी, की तिच्यावर बोट ठेवलं तर बोट ठेवलंय की नाही ते समजेना. मग हात लागलाच आहे तर बॉयलरवरचा घुमटही घासला. लिंबाएवढ्या त्या घुमटात सगळी खोली मावली: खिडकी, पलंग, वाकलेला तो स्वतः.

त्यानं पेला काठोकाठ भरला आणि गाडी सोडली. गाडी आईच्या खोलीत आली तेव्हा तोही दारातून आत आला. पाणी पेल्याच्या काठावर फुगून उभं होतं आणि त्याच्यावर एक रेघसुद्धा नव्हती. आईनं पेल्याकडे हात केला. कवळीकरला वाटलं, तेलाचा एक थेंब द्यावा. त्यानं चावी बंद केली, फुंकर मारून दिवा विझवला. इंजिन थांबलं.

"अहो, पांढऱ्या दोऱ्याची रिळं तुम्ही कु..." बायको म्हणाली, आणि अडली.

कवळीकरच्या छातीत एकदम ऊब दाटून आली. अडली म्हणजे आता काहीतरी येणार. तो हसरं तोंड करून, तेलाची बुधली हातात घेऊन वाट बघत राहिला.

काही आलं नाही.

त्यानं वळून पाहिलं. तिच्या हातात कात्री होती, अर्धी उघडलेली, कापडात शिरलेली. ओठ त्या अर्ध्या अक्षराच्या आकारात तसेच होते. त्यानं तिच्या खांद्याला हात लावला. खांदा गरम होता.

"अगं," तो म्हणाला.

आईचा हात पेल्यापासून बोटभर अंतरावर हवेत होता. म्हाताऱ्या माणसाचा हात इतका वेळ हवेत राहत नाही. थरथरतो तरी. कवळीकरनं तिचं मनगट धरलं. कवळीखाली अडकलेला केस ज्यांना समजतो ती त्याची बोटं. त्या बोटांना काही सापडलं नाही. त्यानं जागा बदलली. तिथंही नाही.

काड्यांची पेटी कशी उघडली ते त्याला आठवत नाही. अंगठा भाजला होता एवढं खरं. दिवा पेटला, वाफ धरली, त्यानं जड चाक बोटानं ढकललं.

"...ठे ठेवलीत?" बायको म्हणाली, आणि कात्री मिटली.

आईनं पेला उचलला, पाणी प्यायली. "असा काय बघतोस, बाळ्या? भूत बघितल्यासारखा."

तो बघतच होता. एकीकडे आणि मग दुसरीकडे. बायकोच्या चेहऱ्यात काय चुकत होतं ते आता त्याला कळलं होतं. तो वाट बघत उभा राहिला, पण दोघींपैकी एकीचीही पापणी लवली नाही.

५

प्रत्येक गोष्ट दोनदा तपासून बघायची, हा त्याचा स्वभाव. पहिल्यांदा झालं तो योगायोग असू शकतो. त्यानं पुन्हा चावीवर हात ठेवला. आई शेजारणीविषयी काहीतरी सांगत होती. त्यानं चावी अगदी नखभर फिरवली. आईचा आवाज लांबला, खाली गेला, एकेक शब्द ओल्या कणकेसारखा ताणला गेला. त्यानं घाईघाईनं चावी उघडली. पुन्हा तपासायची गरज उरली नाही.

खरखरीतपणा परत आणायचा, एवढं त्याला स्पष्ट दिसत होतं. हिरडीकडची बाजू आपण घासून टाकली होती. आता काहीच कशाला धरून राहत नव्हतं. त्यानं चालत्या चाकावर खरखरीत पॉलिशपेपर दाबून धरला. चाक कागदाखालून निसटत राहिलं, ओरखडासुद्धा उठला नाही. पट्टीला कानस लावायची तर सिलिंडर सोडवायला हवा. सिलिंडर सोडवायचा तर इंजिन थांबवायला हवं. कानस लावून, जोडून, पुन्हा वाफ धरेपर्यंत आई थांबेल का? थांबली, तर पुन्हा सापडेल का?

मग तो इंजिनाबरोबर चालायला लागला. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात स्पिरिटची बाटली. गाडी भोकात शिरली की तो दारातून वळसा घालून पलीकडे जायचा आणि ती बाहेर येताना तिथं हजर असायचा. स्वयंपाकघर, कामाची खोली, आई. स्वयंपाकघर, कामाची खोली, आई. पेटत्या दिव्याच्या टाकीत स्पिरिट ओतायचं म्हणजे जिवावरचं काम. हात कापायला हवा होता. एकदाही कापला नाही.

"दमलास की रे," आई म्हणाली. "बस की जरा."

"बसतो, आई."

दुपार कलली तेव्हा बाटलीच्या तळाशी थोडंसंच उरलं. त्यानं टाकी भरून घेतली, बाटलीला बूच लावलं आणि ती बायकोच्या हातात दिली.

"मी रंगवाल्याकडे जाऊन येतो. ज्योत बारीक व्हायला लागली की हे ओत. थांबू द्यायचं नाही. काही झालं तरी."

"नाही थांबणार," ती म्हणाली.

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. "अगं, एकदा डोळे मीट ना."

ती त्याच्याकडे बघून गोड हसली. डोळे उघडेच होते.

६

बाहेर रस्त्यावर सगळं अडखळत होतं. एक हातगाडी खड्ड्यात आपटली आणि गाडीवाल्यानं खड्ड्याच्या खानदानाचा उद्धार केला. एका बाईच्या चपलेचा अंगठा तुटला होता, ती फरफटत चालली होती. कुणीतरी ठसका लागेपर्यंत हसत होतं. कवळीकरला ते सगळं मिठी मारण्यासारखं वाटलं.

कोपऱ्यावरचा रंगवाला रंग, टर्पेंटाइन, स्पिरिट असलं सगळं विकायचा.

"परत स्पिरिट? काय कवळीकर, कवळ्या धुता की पिता?"

"मोठी बाटली द्या. दोन द्या."

"वहिनींना सांगू का?" रंगवाल्यानं डोळा मिचकावला. एक डोळा मिटला आणि उघडला. कवळीकर त्याच्याकडे असा एकटक पाहायला लागला, की रंगवालाच ओशाळला आणि बाटल्या काढायला वळला.

तेवढ्यात कवळीकरनं स्वतःचं मनगट धरलं. सहज. बाकी सगळ्यांचं पाहून झालं होतं म्हणून.

नाडी होती. पण ठोका नव्हता. बोटांखालून काहीतरी सरळ वाहत होतं, नळीतून पाणी वाहावं तसं, कुठंही न थबकता. त्यानं बोटं दाबली. ते वाहतच राहिलं. मग ते बारीक होऊ लागलं.

रंगवाल्यानं बाटल्या काउंटरवर ठेवल्या. कवळीकरनं हात पुढे केला.

"...हो कवळीकर! अहो!"

रंगवाला त्याला दोन्ही खांद्यांना धरून हलवत होता. काउंटरवरचं ऊन उतरून जमिनीवर गेलं होतं, पार उंबऱ्यापाशी. दुकानात चार माणसं जमली होती, एकाच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"किती घाबरवलंत," रंगवाला म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज कापत होता. "हात पुढे करून नुसते उभे. हाका मारतोय, चिमटे काढतोय. डॉक्टरांकडे माणूस धाडलाय मी. बसा, बसा आधी."

कवळीकर बसला नाही. त्यानं बाटल्या उचलल्या आणि पळत सुटला.

सकाळी तो थांबला नव्हता, पण दिवसभर इंजिनाच्या चालीनं चालता चालता तोही त्याला जोडला गेला होता. घरी ते थांबलं होतं, एवढं उघड होतं. आणि ते पुन्हा चालू झालं होतं, म्हणून तर तो पळत होता. वळणावर त्याला त्यापुढचं सुचलं, पण पाय पळतच राहिले. इंजिन थांबलं तेव्हा तो थांबला होता. बायको थांबली होती. आई थांबली होती.

घरात चौथं माणूस नव्हतं.

७

दार तसंच उघडं होतं. आत शांतता होती, हल्ली असायची तशी.

बायको आईच्या खोलीत, फळीजवळ उभी होती. तिच्या हातात मगाचची बाटली होती आणि बाटलीचं बूच लावलेलंच होतं.

"आता ओतणारच होते," ती म्हणाली.

"मग दिवा कुणी पेटवला?"

"विझला कुठं होता?"

फळीवर, भिंतीच्या भोकाशी, एक जळकी काडी पडली होती. तिच्यातून अजून बारीक धूर निघत होता. धूर दोरीसारखा सरळ वर जात होता.

"बाळ्या," आई पलंगावरून म्हणाली, "आज टवळी बघ किती भरभरून आणते."

गाडी भोकातून बाहेर येत होती. डब्यावर पेला होता, काठोकाठ. कवळीकरनं जाताना पेला ठेवला नव्हता.

तो टाकीत किती उरलंय ते बघायला खाली वाकला, आणि त्याचा चेहरा घुमटासमोर आला. त्या लिंबाएवढ्या पितळेत पलंग होता. पलंगावर आई, डोळे उघडे. फळीपाशी बायको, डोळे उघडे. मधे तो स्वतः, नाक मोठं झालेला, डोळे उघडे. आणि त्याच्या खांद्यामागे, खोलीच्या कोपऱ्यात, जिथं उजेड पोचत नव्हता तिथं, आणखी कुणीतरी वाकून पाहत होतं. पेला नीट आला का, एवढंच पाहावं तसं.

कोपऱ्यातल्या त्या कुणीतरी डोळे मिटले, आणि सावकाश उघडले.

कवळीकरनं मान वळवली नाही. दिव्याची ज्योत बारीक होत होती. आईचा हात पेल्याकडे निघाला होता आणि जड होत चालला होता. मनगटात जे वाहत होतं ते पुन्हा निमुळतं व्हायला लागलं.

त्यानं नव्या बाटलीचं बूच काढलं, घुमटाकडे न बघता बाटली तिरकी केली, आणि ओतायला लागला.

एक थेंबही सांडला नाही.